कोठीतल्या खुणा

३ जून

वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. म्हणजे म्हणायचं म्हणून म्हणते. तुमच्या भाच्याच्या कपाळाला टाके पडलेत, पण ते सांगतेच पुढे.

फोन का केला नाही, असं विचाराल. तुमचा फोन आपल्या पालकांच्या संस्थेचा, मेल संस्थेचा, आणि तुमच्यासारख्या कोठीवालीला कुणी सभासदाने काहीही कळवलं की ते सगळ्यांच्या फलकावर लागतं. नियम चांगला आहे, त्या सभेत मीच तावातावाने हात वर केला होता. पण नणंद-भावजयीचं बोलणं तीनशे घरांनी चहा पिताना वाचावं इतकी काही मी उदार नाही. कागद तेवढा अजून आपल्या दोघींचा राहिलाय. आणि हो, वन्सं म्हटलं की तुम्हाला राग येतो हे ठाऊक आहे. म्हणूनच म्हणते.

गेल्या आठवड्यात शाळेच्या उन्हाळी वर्गात भोंग्याला मधल्या सुट्टीत फिटचा झटका आला. मी चष्म्याच्या दुकानात होते, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जाड काचेची कड घासत. फोन अ‍ॅप्रनच्या खिशात, आवाज पूर्ण मोठा. भोंग्याच्या दंडावरचा पट्टा बोललाच नाही. बोलला तो बाईंचा फोन, आणि तोवर पोरगं नळाच्या ओट्याच्या कडेवर आपटलं होतं. दवाखान्यातून घरी येताना माझ्या कडेवर बसून विचारतो, "आई, पट्टा झोपला होता का?"

वन्सं, त्या पट्ट्याच्या भरवशावर माझा संसार चाललाय. तो नव्हता तेव्हा मी शाळेच्या फाटकाशी दिवसभर बसून असायची, वॉचमन मला स्वतःची खुर्ची द्यायचा. तुमचे बंधुराज ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी, त्यातला एक दिवस झोपण्यात. पट्टा आला, झटक्याच्या आधी माझा आणि बाईंचा फोन वाजायला लागला, भोंग्याला कुशीवर आडवं करायला वेळ मिळायला लागला, तेव्हा कुठे मी काचा घासायचं काम धरलं. आणि आता तोच गप्प बसला.

एक विचारते, उत्तर सरळ द्या. आमच्याच पट्ट्याचे कान जरा तिखट करता येतील का? बाकीच्यांचे आहेत तसे राहू देत. घरातलंच माणूस कोठीवाली असून इतकंही होत नसेल तर मग नातं कशाला म्हणायचं.

तुमची वहिनी


१० जून

वहिनी,

भोंग्याच्या कपाळाचं वाचून दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. त्यात आमचं कार्यालय दातांच्या दवाखान्याच्या वर, खाली दिवसभर कुणाचा तरी दात कोरत असतात. तो आवाज आणि तुझं पत्र, दोन्ही एकदमच डोक्यात घुसत होती.

तू सरळ उत्तर मागितलंस. नाही. करता येत नाही, आणि येत असतं तरी केलं नसतं.

तू गटप्रमुख आहेस, नव्या आयांना शिकवतेस, तुला मी काय सांगणार. पण रागात माणूस साधंच विसरतो. पट्ट्याला स्वतःचं डोकं नाही. तो मुलाच्या दंडावर बसून नाडी, घाम, थरथर मोजतो आणि ते कोठीत, म्हणजे संस्थेच्या संगणकात, पाठवतो. संध्याकाळी आईबाप त्या दिवशी पट्टा जितक्या वेळा वाजला तितक्या खुणा करतात, झटका आला असेल तर "खरं", नसेल आला तर "खोटं". न वाजता आलेला झटकाही लिहितात. या सगळ्या घरांच्या खुणांवरून कोठी शिकते, आणि जे शिकते ते सगळ्या पट्ट्यांना सारखं वाटते. भोंग्याच्या पट्ट्याला जे कळतं त्यातलं निम्मंशिम्मं दुसऱ्यांच्या पोरांनी शिकवलेलं आहे. त्यामुळे एकट्याचा कान पिळायची सोयच नाही. सगळ्यांचं एकच डोकं आहे.

आणि कुठल्या घराने काय खूण केली हे मलाही दिसत नाही. पाचही पंच हो म्हणाले तरच ते उघडतं. ती सासू आठवते ना, जी सुनेच्या खुणा काढून "ही दिवसा झोपा काढते" म्हणत चारचौघांत फिरत होती? तेव्हापासून हा नियम आहे, आणि तू त्यालाही हात वर केला होतास. तुला सभेत हात वर करायची फार हौस.

पट्टे बनवणाऱ्या कंपनीचा माणूस पुन्हा येऊन गेला. म्हणतो, कोठी आम्हाला द्या, आम्ही चालवू, घरगुती बायकांना हे किती दिवस झेपणार. मी त्याला पाणी विचारलं आणि जिना दाखवला. कोठी त्यांच्याकडे गेली की कुणाच्या पोराची नाडी कुणाच्या टेबलावर जाईल ते आपल्याला कळणारही नाही, आणि उद्या त्यांना नको झालं तर एका कागदावर बंद.

एखादा झटका पट्ट्याला कळत नाही, वहिनी. तो न सांगताच येतो. मन घट्ट कर. भोंग्याला माझा एक गालगुच्चा.

तुझी नणंद (वन्सं नव्हे)


२६ जून

वन्सं,

तुम्ही नाही म्हणालात, पण कुणीतरी माझं ऐकलेलं दिसतंय. आता पट्टा असा कान टवकारून बसलाय की विचारू नका. जरा पोरगं पळालं, जिना चढलं, हसून हसून लाल झालं, की वाजला. दिवसातून किती वेळा मी काच तशीच चाकावर सोडून शाळेत धावते. दुकानदार म्हणतात, चष्म्याचं गिऱ्हाईक तुमची वाट बघत बघत आंधळं होईल. म्हणू देत. भोंग्या त्या दिवसानंतर एकदाही पडलेला नाही, मला बाकी कशाशी काही देणंघेणं नाही.

टाके निघाले. कपाळावर बारीक चंद्रकोर राहिलीय. बापाने फोनवर विचारलं, आता भोंग्याला कोण पसंत करणार. पोरगं म्हणालं, मी ट्रकवरच जाणार आहे, तिथे कोण बघतंय.

गटाचं काम जोरात चालू आहे. मागच्या बैठकीत मी माझीच गोष्ट सांगितली सगळ्यांना, नळाच्या ओट्याची. अर्ध्या बायका रडायला लागल्या. मी म्हटलं, बायांनो, हात आखडू नका. आपलं पोर आहे, सढळ हाताने करा. सगळ्यांनी मनावर घेतलंय. आपल्या भागातली साठ-सत्तर घरं, एकही गळालेलं नाही. तुमच्या त्या कंपनीवाल्याला सांगा म्हणावं, घरगुती बायका काय करतात ते येऊन बघ.

झोप तेवढी कमी झालीय. पण झोपेचं काय, मेल्यावर आहेच.

तुमची वहिनी


१२ जुलै

वहिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा उत्तर द्यायला बसलेही होते, पण त्याच दिवसापासून इथे आग लागलीय.

पट्टे वेड्यासारखे वाजताहेत. तुझ्याकडे आहेत तसेच सगळीकडे. मूल उड्या मारतंय, वाजला. आंघोळीला गेलंय, वाजला. गणिताच्या तासाला उभं राहिलं, वाजला. पहिले काही दिवस लोक धावले. मग चालत गेले. आता बघतही नाहीत. पंधरवड्यात कितीतरी घरं सोडून गेली, आणि जी आहेत त्यातल्या अनेकांनी पट्टा काढून ठेवलाय, मला सांगायची हिंमत होत नाही इतकंच. फलक उघडला की शिव्याच शिव्या. मी कोठीवाली म्हणून रोज सकाळी त्या वाचते, कारण वाचणं माझं काम आहे.

आणि एक घडलंय. आपल्या पाच पंचांमधला तो कंडक्टर तुला आठवत असेल, सभेत नेहमी शेवटच्या रांगेत उभा राहतो, म्हणतो बसायची सवयच नाही. त्याची मुलगी, नऊ वर्षांची. तिचा पट्टा सकाळपासून वाजून वाजून शाळेतल्या मुली तिला चिडवायला लागल्या म्हणून ती रडली, म्हणून त्याने तो खणात टाकला. त्याच दुपारी शाळेच्या जिन्यात झटका आला. ती वरच्या पायरीवर होती. अजून शुद्धीवर नाही. बाप रुग्णालयातच राहतो.

काय बिघडलंय ते मला सापडत नाही. पट्टे तपासले, ठीक आहेत. मोजमापं ठीक येताहेत. कंपनीनेच काही केलं की काय असाही संशय येऊन गेला, पण पुरावा काही नाही. त्यांचा माणूस मात्र आता रोज फोन करतो, आवाजात नुसती साखर. सप्टेंबरच्या अखेरीस सर्वसाधारण सभा आहे आणि कोठी त्यांना देऊन टाका म्हणणारे वाढताहेत.

तुझा एकच भाग असा आहे जिथून कुणी गेलं नाही. सभेला ये. तुझ्या बायकांना घेऊन ये. त्यांनी उभं राहून सांगितलं तर लोक ऐकतील. वहिनी, माझा धीर सुटत चाललाय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू.

तुझी नणंद


१६ जुलै

वन्सं,

कंडक्टरांची मुलगी कुठल्या रुग्णालयात आहे? कळवा.

एक विचारायचं होतं. समजा एखाद्या आईने झटका आलेला नसताना "खरं" दाबलं, म्हणजे मुद्दाम वाईट हेतूने नाही, काळजीपोटी दाबलं, तर त्याने दुसऱ्यांच्या पट्ट्याला काही होतं का? एकाच घराने केलं तर काय मोठा फरक पडणार आहे, असं मला वाटतं. तुम्हाला जास्त कळतं म्हणून विचारलं.

सभेला यायचं बघते. भोंग्या बरा आहे.

वहिनी


१९ जुलै

वहिनी,

तुझं ते "समजा" मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग तुझं आधीचं पत्र काढलं. "हात आखडू नका, सढळ हाताने करा." मला वाटलं होतं तू सभासद वाढवते आहेस. मी हसले होते ते वाचून, अभिमानही वाटला होता.

एका घराने केलं तर फरक पडत नाही. साठ-सत्तर घरांनी केलं तर पडतो. धावणं, हसणं, घाबरणं, सगळंच झटका आहे असं त्या खुणांनी कोठीला शिकवलं, आणि ती शिकली, कारण तिला आपण हेच सांगून ठेवलंय की आईच्या खुणेवर शंका घ्यायची नाही. म्हणून मला मोजमापांत काही सापडत नव्हतं. खुणांकडे बघायचं माझ्या मनातही आलं नाही. आया खोटं लिहितील असं कोण धरून चालेल?

मी चुकीचं समजत असेन तर तसं लिही. मला फार आनंद होईल.

हे मी आजच पंचांना सांगायला हवं. कोठीवाली म्हणून तेच माझं काम. पण तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तोंड उघडणार नाही, इतकं नातं मी आज पाळते आहे, आणि ते पाळताना मला माझीच लाज वाटते. तेवढे दिवस पट्टे वाजतच राहतील. लवकर लिही. मुलगी जिल्हा रुग्णालयात आहे, मुलांचा विभाग, जिन्याजवळची खोली.

नणंद


२३ जुलै

वन्सं,

तुम्ही बरोबर समजलात.

आता सगळंच सांगते. भोंग्या पडला त्याच्या आधीच्या महिन्यात पट्टा बऱ्याचदा उगीच वाजला होता. पोरगं खेळत असायचं आणि हा वाजायचा. मी रोज संध्याकाळी प्रामाणिकपणे "खोटं" दाबायची. खोटं, खोटं, खोटं. तुम्हीच शिकवलं होतं तसं. आणि मग तो गप्प झाला आणि पोरगं रक्तात पडलं. वन्सं, मला त्या दिवशी असं वाटलं की मीच त्याला गप्प राहायला शिकवलं. माझ्या या बोटाने. नळाच्या ओट्यावरचं रक्त बाई पुसत होत्या आणि मी माझ्या बोटाकडे बघत होते. त्या संध्याकाळी ठरवलं, आता "खोटं" कधी दाबायचं नाही. दहा वेळा उगीच धावेन, पण एकदा न धावता राहणार नाही. यात पाप आहे असं माझ्या मनालाही शिवलं नाही. आणि जे माझ्या पोरासाठी चांगलं तेच दुसऱ्या आयांना सांगितलं. मी काही फक्त स्वतःपुरतं बघितलं नाही हो. तेच तर झालं.

तुमचं पत्र आल्यावर रुग्णालयात जाऊन आले. भोंग्याला शेजारी ठेवलं. कंडक्टर मला ओळखत नव्हते. मी म्हटलं, संस्थेतली आहे, भेटायला आले. त्यांनी उठून मला स्टूल दिलं. थर्मासमधला चहा झाकणात ओतून दिला, स्वतःसाठी उरला नाही. मुलगी अगदी नीट झोपल्यासारखी दिसते, केस कुणीतरी विंचरून दिलेत. ते मला म्हणाले, "ताई, तुमच्या मुलाचा पट्टा कितीही वाजू दे, काढू नका. मी काढला. पोरीच्या रडण्याला भुललो."

मी तो चहा प्यायले, वन्सं. झाकण धुऊन दिलं आणि आले.

त्यांना खरं सांगायला हवं होतं, माहीत आहे. पण सांगितलं की माझं सभासदत्व जाणार, आणि सभासदत्व गेलं की पट्टा जाणार. हेही माझ्याच हात वर करण्याने झालेलं आहे. मग मी काय करू? काम सोडून पुन्हा फाटकाशी बसू? तिथेही तो माझ्या नजरेआड वर्गातच असणार. तुमच्या पाया पडते, मला हवी ती शिक्षा द्या, गटाचं काम काढून घ्या, सभेत उभं करा, पण भोंग्याचा पट्टा बंद करू नका. तो तुमच्या भावाचा मुलगा आहे. त्याने कुठे काय दाबलंय?

तुमची वहिनी


४ ऑगस्ट

मा. सभासद,

पंच मंडळाने सर्वानुमते आपल्या व आपल्या गटाच्या खुणा उघडून पाहिल्या. आपण जाणूनबुजून चुकीच्या खुणा केल्या व इतरांना तसे करण्यास सांगितले, हे आपण स्वतः मान्य केले आहे. आपले सभासदत्व या महिन्याच्या पंधरा तारखेपासून रद्द होत आहे. त्या दिवसापासून आपल्या मुलाचा पट्टा कोठीशी जोडलेला राहणार नाही. गटातील इतर सभासदांना समज देण्यात येत आहे. आपल्या मुलाची आजवरची मोजमापे परत काढून नेण्याचा आपला हक्क अबाधित आहे. नियमाप्रमाणे आपले नाव बैठकीला हजर असलेल्या पंचांबाहेर कुणालाही कळवले जाणार नाही.

कोठीवाली

वहिनी, वरचं मी लिहिलं, आणि पंचांनी मत विचारलं तेव्हा "पट्टा बंद करा" असं मीच म्हणाले. तुला ते माझ्याकडूनच कळावं. नातं सांगून बाजूला झाले असते तर सोपं गेलं असतं. तुझ्या पत्रासाठी थांबले होते हेही त्यांना सांगितलं. सभेनंतर कोठीवाली दुसरी कुणीतरी असेल. ते योग्यच आहे.

कंडक्टरची मुलगी शुक्रवारी गेली. पंचांच्या बैठकीला त्यामुळे तो नव्हता, त्याने कागदावर सही करून संमती पाठवली होती. कुणाच्या खुणा उघडणार हे त्याला सांगितलेलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. तो सगळ्यांना एकच सांगतो, पट्टा मी काढला. मला ते ऐकवत नाही, आणि नाव सांगायला नियम मला मनाई करतो.

तुझी एक चूक मात्र मला काढायचीच आहे. तुझ्या "खोटं" दाबण्याने पट्टा गप्प बसला नव्हता. मी तो दिवस उघडून पाहिला. त्या झटक्याआधी नाडी हलली नव्हती, घाम नव्हता, काही नव्हतं. कुठलाच पट्टा वाजला नसता. तू बरोबर करत होतीस, वहिनी. तेव्हा मला दोन ओळी लिहून विचारलं असतंस तर.

आता शेवटचं. तुमच्या गटाच्या दोन महिन्यांच्या खुणा काढून टाकाव्या लागतील. पण कोठीतली ताजी मोजमापं निम्म्याहून जास्त तुमच्याच भागातली आहेत, बाकीचे तर सोडून गेले. खुणांशिवाय ती नुसती माती आहे. त्या दिवशी खरंच झटका होता की पोरगं नुसतं पळालं होतं, हे फक्त त्या त्या आईला आठवेल. सभेपर्यंत कोठी दुरुस्त झाली नाही तर ती कंपनीकडे जाईल. तुला हे करायला सांगायचा मला काही अधिकार उरलेला नाही. पट्टा काढून घेतलेल्या बाईने कुणासाठी का करावं? तरी लिहिलं.

भोंग्याला कसं सांगशील ते मला सुचत नाही.

तुझी नणंद


२ सप्टेंबर

सर्व सभासदांना,

हे पत्र मी कागदावर लिहीत नाही. आमच्या शेजारणीच्या फोनवरून कोठीवालीच्या मेलवर पाठवते आहे, म्हणजे नियमाप्रमाणे ते फलकावर लागेल. मी आता सभासद नाही, पण शेजारीण आहे, तिच्या नावाने लावा.

उन्हाळ्यापासून तुमच्या घरातले पट्टे उगीच वाजत होते ते माझ्यामुळे. मी चष्म्याच्या काचा घासणारी, पूर्वेकडच्या भागाची गटप्रमुख, कोठीवालीची सख्खी भावजय. माझं पोर पडलं म्हणून घाबरून मी सगळ्या खुणा "खरं" करत गेले आणि माझ्या गटातल्या बायकांनाही तसंच करायला लावलं. त्यांना रागावू नका, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पंचांनी माझं नाव झाकून ठेवलं होतं. ते मी उघडते आहे, कारण एका माणसाने हे वाचायला हवं.

कंडक्टरसाहेब, तुमच्या मुलीचा पट्टा तुम्ही खणात टाकला, कारण तो खोटा वाजत होता. तो खोटा वाजत होता, कारण मी त्याला खोटं शिकवलं. पोरीच्या रडण्याला भुललो असं तुम्ही मला म्हणालात. तुमच्या जागी कुठलाही बाप भुलला असता. दोष तुमचा नाही. हे मी त्या स्टुलावर बसून सांगायला हवं होतं. तुमचा चहा प्यायले आणि गप्प राहिले. पट्टा वाचवायला गप्प राहिले. माफी मागत नाही, ती तुम्ही का द्यावी. फक्त आता तुम्ही स्वतःला बोल लावू नका, एवढं पदर पसरून मागते.

गेले तीन आठवडे मी गटातल्या घरोघरी जाते आहे. काहींनी दार लावून घेतलं. एका आजींनी मला पायरीवरच ऐकवलं, जे ऐकवायचं ते, आणि मग म्हणाल्या, ये आत, बस. आम्ही एकेका दिवसाची आठवण काढतो. त्या दिवशी वाढदिवस होता, नाचत होती, खोटं. त्या दिवशी शाळेतून लवकर आणलं होतं, खरं. जिथे आठवत नाही तिथे रिकामं सोडतो, अंदाज करत नाही. बरीच घरं झाली. सभेपर्यंत सगळी होतील का, सांगता येत नाही. तुम्ही मात्र त्या दिवशी कोठी देऊन टाकू नका. ती बिघडली ती माणसांमुळे, आणि तीच माणसं ती नीट करत आहेत, बोटांवर मोजता येतील इतकी का असेनात.

माझ्या मुलाची मोजमापं मी परत नेणार नाही. त्यात या बिघाडाआधीची चांगली वर्षं आहेत, कुणाच्या तरी पोराच्या पट्ट्याला उपयोगी पडतील.

मुलाला मी रोज दुकानात घेऊन येते. त्याची शाळा मी सध्या बंद केलीय, त्याचे वडील ट्रकवर आहेत, दुसरा इलाज नाही. दुकानदारांनी घासायच्या टेबलाखाली त्याला गादी घालून दिलीय. रिकामा पट्टा तो दंडावर बांधून बसतो, काढू देत नाही. मी काचेकडे कमी आणि खाली जास्त बघते. डोळा लवायला भीती वाटते. अशी किती दिवस बघत राहणार, मला माहीत नाही.

आज दुपारी त्याला झटका आला. काहीच वाजलं नाही. पट्टा जोडलेला नाही म्हणून नाडी, घाम काही देता येत नाही, जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. आधी थोडा वेळ तो उजवा कान चोळत होता. मग मला "आई, दिवा का हलतोय" म्हणाला. दिवा हलत नव्हता. मी काच टाकून खाली बसले, पण हात पुरायच्या आत डोकं टेबलाच्या पायावर आपटलं. जुन्या चंद्रकोरीशेजारीच.

हे कुणाच्या मुलाच्या कामी येत असेल तर कोठीत ठेवा.

खूण: खरं.